ट्रेक लीड करायचाय? आधी शेवटी चालायला शिका

मुंबई-पुण्याकडच्या गिर्यारोहण संस्थांमध्ये लीडर हा बहुतेक वेळा बिनपगारी माणूस असतो. आठवडाभर नोकरी, रविवारी पहाटे मिनीबस, तीस अनोळखी माणसं गडावर न्यायची, सगळीच्या सगळी खाली आणायची आणि सोमवारी पुन्हा कामावर. मोबदला फार तर स्वतःची ट्रेक फी माफ. पाच-सात ट्रेक झालेत, दम आहे, चारचौघांत बोलता येतं, असं कुणी दिसलं की संस्थेतले जुने लोक विचारतात, ‘पुढच्या महिन्यात राजगड लीड करशील का?’ हा लेख त्याला ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणही राजगडचंच घेतलंय: डिसेंबरातला रविवार, तीस जण, पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाजाने वर आणि त्याच वाटेने खाली.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. तीस जणांचा ट्रेक सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या वेगाने चालतो. वेळापत्रक, पाणी, लीडरांच्या जागा, माघारीची वेळ, सगळं त्या शेवटच्या माणसावरून ठरतं.

‘हो’ म्हणण्याआधी

अनुभवी लीडरच्या हाताखाली किमान तीन-चार ट्रेक टेल म्हणून, म्हणजे सगळ्यांच्या मागे, चाला. काही संस्थांत याला बॅकलीड म्हणतात. पुढे चालणाऱ्याला वाट दिसते, मागच्याला माणसं दिसतात. कुणाच्या बुटाचा तळ उचकटतोय, कोण दोन तासांत पाण्याचा घोटही प्यायलेलं नाही, कोण ‘मी ठीक आहे’ म्हणतंय पण पाय लटपटतायत, हे मागूनच कळतं. त्यानंतर मध्ये चाला, आणि मग पुढे. ही पायरी गाळून थेट पुढे आलेले लीडर ओळखू येतात: ते माथ्यावर पोचून हात हलवतात आणि निम्मा गट अजून झाडीत असतो.

दोन दिवसांचं का होईना, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स केला असेल तर उत्तमच, पण तिथे दोर, खडक आणि बर्फ शिकवतात. एप्रिलच्या उन्हात उघड्या सोंडेवर बसकण मारलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांना कसं उठवायचं, ते शिकायला आपल्याच संस्थेचे ट्रेक लागतात.

पहिल्यांदा लीड करायची वाट तुम्ही स्वतः किमान दोनदा केलेली असावी, त्यातली एकदा अलीकडे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग, जिथे दोर लावल्याशिवाय गट पुढे सरकत नाही अशा जागा, यांना सरळ नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही.

संस्थेला तीन प्रश्न विचारा. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी आहे का? सहभागींचा विमा उतरवलेला आहे का? आणि तिसरा, ज्याचं उत्तर बरेचदा गुळमुळीत मिळतं: वाटेत ट्रेक रद्द करायचा निर्णय मी एकटा घेऊ शकतो का, आणि घेतला तर संस्था माझ्या पाठीशी उभी राहील का? तिसऱ्याचं उत्तर स्पष्ट ‘हो’ येत नसेल तर लीडरशिप घेऊ नका. काम फुकट करता म्हणून जबाबदारी कमी होत नाही. हयगयीमुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तुम्ही पैसे घेतले होते की नाही यावर ते कलम अवलंबून नाही.

रेकी

रेकी म्हणजे तीच वाट आधी स्वतः चालून पाहणं. ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी, शक्यतो रविवारीच. बुधवारी गेलात तर चोर दरवाजाखालच्या रेलिंगपाशी चिटपाखरू नसतं आणि तुम्ही ‘दहा मिनिटांत वर’ असं टिपून येता. रविवारी तिथे दुसऱ्या तीन ग्रुपची रांग असते. राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यापासून सुट्टीच्या दिवशी निवांत गड मिळेल ही आशा सोडलेली बरी.

मोबाइलवर वाटेचा ट्रॅक घ्याच, पण खिशात छोटी वहीही ठेवा. तिच्यात घड्याळाच्या वेळेसकट लिहायचं: गाडी कुठे वळते आणि कुठे लागते, पायथ्याला स्वच्छतागृह कुणाकडे आहे, कुठल्या फाट्यावर ढोरवाट मळलेल्या वाटेपेक्षा रुंद दिसते, कारण माणसं चुकतात ती तिथेच, सावलीच्या, तीस जण बसू शकतील अशा जागा किती, कुठल्या कंपनीची रेंज कुठे येते, गडावरच्या कुठल्या टाक्याचं पाणी गावकरी स्वतः पितात. ऑफलाइन नकाशातला ट्रॅक दुसऱ्या कुणी टाकलेला असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तो माणूस स्वतः चुकून परत फिरलेला असतो आणि ती चूकही निळ्या रेषेत जशीच्या तशी उमटलेली असते.

परतताना वाटेतल्या मार्गासनी गावात थांबा. वेल्हे आणि नसरापूर या दोन्ही बाजूंना दवाखान्याची काय सोय आहे, सर्पदंशाची लस कुठे असते, रविवारी डॉक्टर असतात का, हे फोनवर नव्हे, जाऊन विचारा. गावातल्या एका माणसाचा नंबर घ्या, ज्याच्याकडे जीप आहे किंवा जीपवाला माहीत आहे. गाडीचं भाडंही तेव्हाच विचारून ठेवा, अडचणीत घासाघीस होत नाही.

रेकी उन्हाळ्यात आणि ट्रेक जुलैत, असं असेल तर ती रेकी नव्हे. कोरडा ओढा पावसात कमरेएवढा होतो. शिवाय पावसाळ्यात धबधब्यांवर आणि काही गडांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, ते ट्रेकच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासावे लागतात.

वेळेचा उलटा हिशोब

नवे लीडर वेळापत्रक सकाळपासून मांडतात: सहाला निघू, आठला चढू, अकराला वर. मग दिवस जसा घसरेल तसा शेवट घसरतो आणि उतरताना अंधार होतो. हिशोब सूर्यास्तापासून मागे मोजा.

चालीचा जुना ठोकताळा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ चा: पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो सवयीच्या माणसांसाठी आहे. आपल्या मिश्र गटासाठी तीन किलोमीटरला एक तास, दर तीनशे मीटर चढाला एक तास आणि वर प्रत्येक तासाला दहा मिनिटं विश्रांती धरा. गुंजवण्यातून पद्मावती माचीपर्यंत, म्हणजे गडाच्या पहिल्या सपाटीपर्यंत, चढ ढोबळमानाने सहाशे मीटर आणि चाल तीनेक किलोमीटर धरली तर हिशोब साडेतीन तासांचा येतो. सवयीचे लोक दोन-अडीच तासांत जातात, पण त्यांच्यासाठी लीडर लागत नाही.

आता उलटं मोजू. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. एक तास हातचा राखून शेवटचा माणूस पाचला पायथ्याशी हवा. उतरायला अडीच तास, म्हणजे दुपारी अडीचला माची सोडायची. माचीच्या वरचा बालेकिल्ला चढून, बघून, उतरून पावणेदोन तास, म्हणजे त्यासाठी पाऊण वाजता निघायचं. जेवणाला पाऊण तास, म्हणजे बाराला शेवटचा माणूस माचीवर पोचलेला पाहिजे. चढाईचे साडेतीन तास आणि चोर दरवाजापाशी इतर ग्रुपमुळे जाणारा अर्धा तास, म्हणून गावातून आठला निघायचं. पोहे-चहा आणि सूचनांना तास लागतो, म्हणजे गाडी सातला गुंजवण्यात, आणि पुण्यातून पहाटे पाचला. ‘साडेपाचला भेटू या, रविवार आहे’ म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा. तो अर्धा तास बालेकिल्ल्यातून कापला जाणार आहे.

यातून एक कडक नियम निघतो: बारा वाजता शेवटचा माणूस माचीवर नसेल तर बालेकिल्ला रद्द. हा नियम घरी बसून, कागदावर ठरवा आणि टीममधल्या प्रत्येकाला सांगा. गडावर गेल्यावर समोर बालेकिल्ला दिसत असतो, दहा जण ‘फक्त अर्ध्या तासात जाऊन येतो’ म्हणत असतात, तेव्हा नवा नियम बनवायची ताकद कुणातच नसते.

अरुंद जागेचा हिशोब वेगळा करा. चोर दरवाजाच्या आधीच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे, पण एका वेळी एकच माणूस नीट चढतो. माणशी दीड मिनिट धरलं तरी तीस जणांना पंचेचाळीस मिनिटं लागतात. पहिला वर पोचून कंटाळतो, शेवटचा खाली उन्हात उभा असतो. म्हणून तिथे पोचायच्या आधीच्या सावलीत मोठी विश्रांती घ्यायची आणि दहा-दहाच्या तुकड्या करून पाठवायच्या.

माणसं कुठली, किती

तीस जणांना चार लीडर हा हात आखडता घेऊन केलेला आकडा आहे. पुढे एक, मध्ये दोन, मागे एक. प्रथमोपचार येणारा आणि सगळ्यात शांत डोक्याचा माणूस मागे ठेवा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, सगळ्यात नवख्याला ‘तू मागे राहा’ म्हणतात. गटात बाया-मुली असतील तर चौघांत किमान एक बाई लीडर हवी. पाळी आली, आडोसा हवाय, बाजूचा माणूस फार अंगचटीला येतोय, या गोष्टी पुरुष लीडरला बहुधा सांगितल्या जात नाहीत.

नोंदणीच्या फॉर्मवर दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, फिट येणं, अ‍ॅलर्जी, नुकतं झालेलं ऑपरेशन, रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या एका माणसाचा नंबर घ्या. अठराखालच्या मुलांसाठी पालकाची सही. मग गुरुवारी-शुक्रवारी प्रत्येकाला फोन करा. फॉर्मवर लोक ‘काही नाही’ लिहितात, फोनवर बोलतात. ‘फिट आहात ना?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘शेवटचा जिना कधी चढलात, किती मजले?’, ‘कुठले बूट घालणार?’, ‘सकाळी कुठली गोळी घेता?’ असं विचारा. दम्याचा पंप बरोबर घेतलाय का, हे गाडीत बसताना पुन्हा एकदा. पंप घरी राहिला असेल तर तो माणूस पायथ्याच्या गावात थांबेल, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. ‘आमचा भाचा येतोय, त्याला थोडा प्रॉब्लेम आहे, पण काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारा.

पाण्याबाबत ‘भरपूर आणा’ म्हणू नका. डिसेंबरात माणशी तीन लिटर, एप्रिल-मेमध्ये चार ते पाच, पावसाळ्यात दोन. लिटरच्या तीन बाटल्या असं म्हटलं की समजतं.

पेटी आणि सॅक

तीस जणांची प्रथमोपचार पेटी टेलच्या सॅकमध्ये असते. पुढच्याकडे एक छोटी पिशवी पुरते. पेटीत काय हवं:

- क्रेप बँडेज ४, साधी गुंडाळपट्टी ६, त्रिकोणी कापड ४
- निर्जंतुक गॉज २०, चिकटपट्टी २, बँड-एड ३०, पोव्हिडोन आयोडीन
- हातमोजे ४ जोड, कात्री, चिमटा, सेफ्टी पिना, वाकवता येणारं स्प्लिंट (दुखावलेला हात-पाय स्थिर ठेवायची पट्टी) १
- लिटरला एक पडणारी ओआरएसची पाकिटं १०
- सॅनिटरी पॅड, ग्लुकोज बिस्किटं, साखर
- चंदेरी थर्मल ब्लँकेट २
- सगळ्यांच्या वैद्यकीय माहितीचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत

ओआरएसमध्ये हमखास होणारी चूक: लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओततात. दाट द्रावणाने तहान आणि मळमळ वाढते. पाकिटावर २०० मिलिलिटर लिहिलंय की १ लिटर, ते वाचा आणि पुरं पाणी घाला. गोळ्यांच्या बाबतीत नियम साधा ठेवा: ज्याने त्याने आपल्या डॉक्टरने दिलेलीच गोळी घ्यायची. दुखतंय म्हणून लीडरने आपल्या पाकिटातली पेनकिलर देणं बंद करा.

लीडरच्या सॅकमध्ये याशिवाय दोन हेडटॉर्च, जादा सेल, शिट्टी, पॉवर बँक, वीसेक मीटर दोर आणि एक लिटर राखीव पाणी. हा दोर सॅक खाली सोडायला आणि आधार द्यायला आहे. दोराचं शिक्षण झालेलं नसेल तर त्याच्यावर माणसाचं वजन टाकायचं नाही.

पायथ्याशी सात मिनिटं

पोहे झाल्यावर गोल करून उभं करा. ओळख परेड गाडीत उरकलेली असावी. सूचना सातच मिनिटं, त्यापुढे कुणी ऐकत नाही. चार लीडर कोण ते प्रत्येकाला उभं करून दाखवा. पुढच्या लीडरच्या पुढे कुणी जायचं नाही, टेलच्या मागे कुणी राहायचं नाही. शौचाला जाताना सॅक वाटेवर ठेवायची, म्हणजे टेल ती ओलांडून पुढे जाणार नाही. अत्तर, सिगारेट, स्पीकर बंद, आणि त्याचं कारणही सांगा: गडांच्या कातळांवर आग्यामोहोळं असतात आणि धूर, उग्र वास, गोंगाट यांनी ती उठतात. दारूची बाटली सॅकमध्ये निघाली तर तो माणूस गाडीत बसेल, वाद घालायचा नाही.

मग नंबर द्या. १ ते ३०, प्रत्येकाचा कायमचा. डोकी मोजण्यात चूक होते, कारण दोन लीडर मोजतात, एकाचे २९ येतात, दुसऱ्याचे ३१, आणि दोघं मिळून ‘तीसच असतील’ म्हणतात. नंबर पुकारल्यावर गप्प राहिलेला आकडा लगेच कळतो. मोजणी निघताना, प्रत्येक मोठ्या विश्रांतीनंतर, अवघड टप्प्याच्या वर, जेवणानंतर आणि गाडी सुरू होण्याआधी.

चाल

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. तरणीताठी पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या. सुरुवातीला धावणाऱ्यांच्या पायात गोळे येतात ते दुसऱ्या तासाला. अर्ध्या तासाने पहिली पाच मिनिटांची विश्रांती: कपडे कमी करणं, बुटाची नाडी, पाणी.

विश्रांतीत एक चूक जवळजवळ सगळे करतात. पुढचे पोचतात, बसतात, दहा मिनिटं दम घेतात. शेवटचा माणूस पोचतो, त्याच क्षणी पुढचा म्हणतो, ‘चला, सगळे आले!’ म्हणजे ज्याला विश्रांती हवी तोच उभा राहतो. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. फार मागे पडणाऱ्याला पुढच्या लीडरच्या मागे दुसऱ्या नंबरला घ्या. त्याचा वेग वाढतो, कारण गट आपल्याला सोडून चाललाय ही धास्ती जाते, आणि पुढच्यांना आपोआप लगाम बसतो.

प्रत्येक फाट्यावर पुढच्या लीडरने एक माणूस उभा करायचा, तो टेल येईपर्यंत हलायचा नाही. बाण आखलेले असले तरी. धुक्यात तर दोन गटांमधलं अंतर हाक ऐकू येईल एवढंच.

वाटेत माहिती सांगणं हेही लीडरचं काम, पण विश्रांतीच्या जागी, पाच मिनिटांत. तीन गोष्टी पुरतात: रायगडाच्या आधी स्वराज्याची राजधानी हीच, सईबाईंचं निधन १६५९ मध्ये इथे झालं, राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, इथलाच. समोर टाकं असेल तर ते कातळात कसं खोदलंय, पाणी कुठून येतं, ते दाखवा, मुलं तिथे जास्त रमतात. दंतकथा असेल तर ‘असं सांगतात’ हे शब्द जोडा. ठोकून दिलेली सनावळी लोक घरी जाऊन शोधतात.

रेलिंगच्या टप्प्यावर एक लीडर खाली, एक वर. पाय कुठे ठेवायचा ते खालचा सांगेल, हात वरचा देईल. दोघांनीही एकदम सूचना दिल्या की चढणारा गोठतो. गोठलेल्या माणसाला ‘काही नाही, सोपंय’ म्हणू नका, ‘उजवा पाय, गुडघ्याएवढा वर, तो सपाट दगड’ असं सांगा. सेल्फीसाठी वळणाऱ्याला तिथेच थांबवायचं. उतरताना वर राहणारा लीडर सगळ्यात शेवटी उतरतो, आणि या टप्प्यावर उतरणं चढण्यापेक्षा जास्त वेळ खातं हे तीन वाजता नव्हे, आधीच धरलेलं असावं.

माघार

परत फिरायची कारणं आधीच लिहून ठेवा: ठरलेली वेळ टळली, ढग गडगडतायत आणि पुढे उघडी माची आहे, ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ, वाहत्या फांद्यांसकट, एकाला उलट्या होतायत. मग मतदान घेऊ नका. ‘काय करूया?’ विचारलंत की तीन दम असलेले बोलतात आणि बारा दमलेले गप्प बसतात. निर्णय चार लीडरांनी बाजूला दोन मिनिटांत घ्यायचा आणि एकाने सांगायचा, कारणासकट. पैसे परत मागणारे भेटतील, त्यांना संस्थेचा नियम सांगा आणि पुढे चला. गट फोडून ‘हौशी वर, बाकीचे खाली’ करायचं असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन लीडर आणि खालच्यांबरोबर पेटी, एवढं जमत असेल तरच.

काही झालंच तर

पाय मुरगळणं सगळ्यात जास्त घडतं, तेही उतरताना, घसाऱ्यावर, दुपारी तीननंतर. बूट घाईने काढू नका, सूज आली की पुन्हा चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा. वजन देऊन चार पावलं टाकता येत नसतील तर हाड मोडलंय असं धरून चाला. त्याला उचलून आणायचं तर एका वेळी सहा जण लागतात आणि दर काही मिनिटांनी बदली. साध्या उतरणीच्या तीन-चार पट वेळ जातो. म्हणून त्याच क्षणी गावातल्या माणसाला फोन करा. बांबू आणि घोंगडीची डोली करून गावकरी ज्या चालीने माणूस उतरवतात, ती शहरी तीस जणांना जमत नाही.

उन्हाने माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो फक्त थकलेला नाही. सावली, सैल कपडे, अंगावर पाणी, वारा, सगळं एकदम, आणि मदतीला फोन. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठला साप होता याचा शोध घेत बसू नका, मारायला तर मुळीच जाऊ नका. कापणं, चोखणं, करकचून बांधणं, जडीबुटी, काही नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, पाय किंवा हात स्प्लिंटने स्थिर करा, माणसाला चालवू नका, लस असलेल्या रुग्णालयाकडे न्या. चावल्याची वेळ लिहा.

मोहोळ उठलं तर तोंड-डोकं झाकून, हातवारे न करता, वाटेनेच लांब पळायचं, कड्याकडे नाही आणि टाक्यात उडी नाही. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा.

फोन ११२ वरही लागतो, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या सिग्नलवर लागू शकतो. सांगायचं काय, ते आधी कागदावर लिहा: गड, वाट, नेमकी जागा, किती जण, काय झालं, केव्हा, शुद्धीत आहे का, आपला नंबर. रेंज नसेल तर दोघांना चिठ्ठी देऊन पाठवा, एकट्याला कधीच नाही. शिट्टीचा संकटाचा इशारा मिनिटाला सहा, मग एक मिनिट शांत. या गडबडीत उरलेल्या सगळ्यांना एका लीडरने सावलीत बसवून पाणी, खाणं आणि नंबर पुकारणं चालू ठेवायचं. दुसरा अपघात बहुधा बघ्यांतूनच होतो. व्हिडिओ काढणाऱ्याला काम द्या.

घरच्यांना फोन संस्थेतला एकच माणूस करेल. तीस मोबाइलांवरून तीस बातम्या जायला वेळ लागत नाही.

गाव आणि पैसे

जेवण गावातच सांगा, आकडा आदल्या दिवशी पक्का करा आणि माणसं कमी झाली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या. पिठलं-भाकरी करणारी ताई पहाटे चारला उठलेली असते. कुणाच्या अंगणात तीस जणांनी हात धुतले तर बादलीभर पाणी हंड्याने आणलेलं असतं, हे गटाला माहीत नसतं, तुम्ही सांगा. कचऱ्याच्या दोन पिशव्या टेलकडे, वाटेवरचा आपला आणि जमला तर आधीच्यांचाही.

खर्चाचा हिशोब गाडीतच लिहून काढा: बस, चहा-नाश्ता, जेवण, पार्किंग, वाटाड्या. चिठ्ठ्यांचे फोटो काढून त्याच रात्री खजिनदाराला. बिनपगारी लीडर आणि संस्था यांच्यात बिनसतं ते बहुतेक वेळा दोन-तीनशे रुपयांच्या न लिहिलेल्या खर्चावरून.

दोन दिवसांच्या आत

चौघे लीडर अर्धा तास फोनवर बसा. कुणाला काय वाटलं याआधी वेळा लिहा: गाव सोडलं ८.२०, ठरलं होतं ८.००, शेवटचा माणूस माचीवर १२.१०, चोर दरवाजाला ५५ मिनिटं, पायथा ५.२५. पाय घसरला पण पडला नाही, अशा थोडक्यात टळलेल्या गोष्टीही जागेसकट लिहा. संस्थेच्या फाइलमध्ये ही नोंद, रेकीची वही आणि गावातल्या माणसाचा नंबर एकत्र ठेवा. आणि त्या दिवशी मध्ये चालणाऱ्या दोघांपैकी ज्याने न सांगता मागच्याची सॅक उचलली, त्याला विचारा, पुढच्या महिन्यात टेलला येशील का.